दोन पावलं मागे

प्रिय मनू,

तुझे फोटो पोचले. एकेक करून मोठ्या पडद्यावर पाहिले. शेवग्याच्या फुलोऱ्यामागे लपलेली शेपटी, डोकं चौकटीबाहेर गेलेला शिंजीर, आणि कितीतरी नुसत्याच फांद्या. खाली तुझी एक ओळ : ‘मावशी, अजून मोठी लेन्स घेऊ का?’

नको घेऊस. पगारातून पैसे साठवून घेतलेली ती १५०-६०० पुष्कळ झाली. तू त्या झाडाच्या फार जवळ उभी राहतेस, मनू. दोन पावलं मागे सर. जागा असेल तर दहा पावलं. छोट्या, चपळ पक्ष्यांच्या फोटोंबद्दल मला जे सांगायचं आहे ते बहुतेक सगळं या मागे सरण्यातूनच निघतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. टेकडीवर भेटणारी मुलंही मला हाच प्रश्न विचारतात, तेव्हा त्यांच्यासाठी हे पत्र छापायलाही देणार आहे. तुझी हरकत नसणार, असं मी धरून चालले आहे.

आधी गणित. जांभळा शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण दहा सेंटिमीटरचा. तुझ्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यात, ६०० मिमीला, पाच मीटरवरून मावते ती जेमतेम वीस सेंटिमीटर रुंदीची जागा. पक्षी मधोमध असला तरी त्याच्या पुढे आणि मागे अर्ध्या अर्ध्या पक्ष्याएवढीच मोकळीक उरते. तो वीतभर सरकला की गेला. त्यात एफ ६.३ ला फोकसची खोली दोन सेंटिमीटरपेक्षाही कमी. पंख शार्प आला तर डोळा पुसट, डोळा आला तर शेपटी विरघळलेली. आता दहा मीटरवर जा. चौकट चाळीस सेंटिमीटरची होते आणि फोकसची खोली सुमारे सात सेंटिमीटर. अंतर दुप्पट केलं की खोली जवळजवळ चौपट मिळते. शिवाय तो तेवढ्याच वेगानं उडाला तरी लेन्समधून बघताना तुला हात निम्म्याच वेगानं फिरवावा लागतो. तुझे चुकलेले बहुतेक फोटो या गणितात चुकले आहेत, हातात नाही.

पक्षी मात्र फोटोत निम्म्या आकाराचा दिसेल. इथेच सगळ्यांचं मन अडतं. त्याबद्दल पुढे बोलू.

तू लिहिलंस, तो क्षणभर स्वस्थ बसत नाही. मनू, त्याला बसून चालतच नाही. त्याचं वजन पाच ते दहा ग्रॅम. एवढ्याशा देहातून ऊब फार भराभर निघून जाते, कारण वजनाच्या मानानं अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो. रात्र उपाशी काढायची, अंगातल्या थोड्याशा चरबीवर. मग उजाडताच पोटाच्या मागे लागायचं. फुलटोच्या तर आठच सेंटिमीटरचा, आपल्या देशातल्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक. शिंपी, राखी वटवट्या, चष्मेवाला, सुभग, सगळ्यांची तीच तऱ्हा. ही धावपळ म्हणजे त्यांचं जगणं आहे. सकाळची जी कोवळी, तिरपी उन्हं तुला फोटोसाठी हवी असतात, तीच नेमकी त्यांच्या भुकेची वेळ. आपण झाडाशी धसमुसळेपणानं गेलो आणि तो उडाला, तर आपला फोटो हुकतो आणि त्याचं खाणं हुकतं. या दोन गोष्टींची बरोबरी होऊ शकत नाही. मागे सर म्हणते त्यामागचं माझं खरं कारण हे आहे, गणित नंतरचं.

पण त्याच्या भुकेतच तुझी सोयही आहे. भुकेला पक्षी नेमानं वागतो. फुलातला मध एकदा शोषला की पुन्हा साठायला वेळ लागतो, म्हणून शिंजीर फेऱ्या घालतो. या घोसावरून त्या घोसावर, मग समोरच्या झाडावर, आणि थोड्या वेळानं परत पहिल्या घोसावर. नराला आपला फुलोरा राखायचाही असतो. दुसरा नर आला की पाठलाग, आणि पाठलाग संपला की परत आपल्या जागेवर. ती जागा बहुधा ठरलेली असते : एखादी उघडी, टोकाची काडी. तिथे बसून तो गातो, चोच घासतो, पिसं सारखी करतो. हमिंगबर्डासारखा हवेत तरंगत तो मध पीत नाही. कधीमधी क्षणभर फडफडतो इतकंच. एरवी देठाला धरून, प्रसंगी उलटा लोंबकळून पितो. म्हणजे बसतो तो, मनू. कुठे बसतो ते तुला अजून माहीत नाही.

तेव्हा येत्या रविवारी कॅमेरा पिशवीतच राहू दे. शेवग्यापासून लांब, सावलीत बस आणि अर्धा तास नुसती बघ. तो कुठल्या बाजूनं येतो, आधी कुठे उतरतो, किती घोस घेतो, दचकला तर कुठे जातो. कागदावर झाडाचं वेडंवाकडं चित्र काढ आणि त्यावर खुणा कर. मग ऊन कुठून येतं ते बघून आपली जागा ठरव. शिंजिराच्या नराला ऊन तुझ्या पाठीमागून मिळायला हवं. त्याचा तो निळाजांभळा झळाळ रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतताना तो तयार होतो. कोन चुकला की तोच नर कोळशासारखा काळा दिसतो. तुझ्या फोटोंत तो काळा आला आहे तो यामुळे. विणीचा हंगाम सरल्यावर मात्र नराचा हा पोशाखच उतरतो. पाठ मातकट, पोट पिवळसर आणि गळ्यापासून खाली एक गडद पट्टा. पावसाळ्यानंतर असा पट्टेवाला दिसला तर वेगळा पक्षी समजू नकोस.

झाडही निवडून घ्यायचं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा फुलतात आणि त्यांच्यावर पक्ष्यांची झुंबड उडते. पण उंच सावरीखाली उभं राहून काढलेल्या फोटोत पोट आणि फटफटीत आभाळ याखेरीज काही येत नाही. मला धायटी आवडते. डोंगरउतारावरचं हे झुडूप, लालभडक नळीदार फुलांनी लगडलेलं. पक्षी तुझ्या डोळ्यांच्या उंचीवर येतो, आणि पाठीमागचा उतार लांब असल्यामुळे पार्श्वभूमी आपोआप शांत होते.

हाताला वळण लागावं म्हणून मात्र शिंजिरापासून सुरुवात करू नकोस. वेड्या राघूकडे जा. त्याचं नाव वेडा असलं तरी त्याच्याइतका शिस्तीचा पक्षी नवशिक्याला मिळणार नाही. तारेवर किंवा वठलेल्या काडीवर बसतो, मान फिरवत हवा न्याहाळतो, झेपावतो, माशी धरतो आणि बहुतेक वेळा त्याच काडीवर परत येतो. मधमाशी असेल तर काडीवर आपटून, घासून तिची नांगी आणि विष काढून टाकतो आणि मगच गिळतो. म्हणजे तुला त्याचं निघणं टिपता येतं, येणं टिपता येतं, आणि मधली आपटाआपट निवांत मिळते. काडीवर फोकस धरून ठेव आणि परत येण्याची वाट बघ. निघण्यापूर्वी तो अंग किंचित आवळतो, मान पुढे काढतो. ती खूण ओळखायला शिकलीस की बोट आपोआप आधी दाबलं जाईल. हिवाळ्यात थिरथिरा आणि गप्पीदास हेच धडे देतात. आणखी एक ध्यानात ठेव : पक्षी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरतात. वारा तुझ्या पाठीवर येत असेल तर तो तुझ्याकडे तोंड करून उतरेल.

सेटिंगबद्दल फार लिहीत नाही, ती चार दिवसांत समजतात. सेकंदाला पाच मीटर वेगानं जाणारा पक्षी १/१००० सेकंदात पाच मिलिमीटर सरकतो. तेवढ्यात त्याची चोच पुसली जाते. १/३२०० ला तो दीड मिलिमीटरच सरकतो. म्हणून उडत्यासाठी १/३२००, आणि बसलेल्यासाठीही १/१००० च्या खाली शक्यतो जाऊ नकोस, कारण बसला तरी त्याची मान थांबत नाही. त्यापायी आयएसओ ३२०० झाला तर होऊ दे. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा दुरुस्त होत नाही. फोकसचा एकच बिंदू ठेव, नाहीतर कॅमेरा पुढची पानंच पकडेल. पक्षी आधी उघड्या डोळ्यांनी शोध आणि नजर त्याच्यावरून न हटवता कॅमेरा डोळ्याला लाव. आधी १५० ते २०० वर त्याला चौकटीत घे आणि मगच झूम वाढव. सरळ ६०० वर शोधायला गेलीस तर हिरव्या पानांच्या रानात हरवशील. आभाळाच्या पार्श्वभूमीवर शिंजीर असेल तर एक्सपोजर थोडं वाढव, सावलीत पांढरा पक्षी असेल तर थोडं कमी कर. बर्स्ट लहान ठेव. लांबलचक बर्स्ट लावला की आपण बघायचं थांबतो.

आणि यंत्राचं म्हणशील तर त्यानं आपलं काम केव्हाच करून ठेवलं आहे. १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानं बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नळीत भिंग, मागे फिरणारी काच, चाप ओढला की सेकंदाला बारा चित्रं. तो त्यानं उडत्या पक्ष्यांवर रोखला आणि पंखाची वर-खाली होणारी हालचाल पायरीपायरीनं वेगळी करून दाखवली. कुणाच्या डोळ्यांना न दिसलेली गोष्ट प्रथमच कागदावर आली. आज सेकंदाला वीस-तीस फ्रेम घेणारे, पक्ष्याचा डोळा आपणहून शोधणारे, इतकंच काय, बटण दाबण्याच्या आधीचे क्षणही साठवून ठेवणारे मिररलेस कॅमेरे दुकानात मिळतात. मला त्यांचं कौतुकच आहे. वेगाचा प्रश्न त्यांनी बराचसा सोडवला. पण पुढच्या क्षणी तो कुठल्या काडीवर असेल, हे त्यांना ठाऊक नसतं. ते तुला ठाऊक असायला हवं.

ते कळायला बसावं लागतं, एवढंच. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत पाहिली. महिनोन्‌महिने, त्याच झाडावर. सुगरण नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर ताबा घेते. मग नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. आपल्या गावोगावच्या विहिरींवर, बाभळींवर शतकानुशतकं चाललेला हा संसार नीट उलगडला तो एक माणूस एका जागी बसून राहिला म्हणून. मला हे उदाहरण फार मोलाचं वाटतं, कारण सुगरणी काही दुर्मीळ नव्हत्या. तुझ्या शेवग्यावरचा शिंजीरही दुर्मीळ नाही, तोच तुझा पक्षी. शिकारी पक्ष्यांच्या, वाघांच्या मागे धावणारे पुष्कळ आहेत. इमारतीमागच्या झाडाला रोज दहा मिनिटं देणारे फार थोडे.

रानातल्या मिश्र थव्यांचं तुला सांगितलं पाहिजे, कारण तिथे सगळ्यांची तारांबळ उडते. पावसाळा सरला की सह्याद्रीच्या झाडीत निरनिराळ्या जातींचे छोटे पक्षी एकत्र हिंडतात : वल्गुली, निखार, शिलिंध्री, सुभग, उत्तरेकडून आलेले पर्णवटवटे, सोबत एखादा कोतवाल नाहीतर भृंगराज. बराच वेळ रान अगदी रिकामं असतं आणि मग एकदम डोक्यावर वीस-तीस पक्षी. पाच मिनिटांत ते पुढे निघूनही जातात. लोक त्यांच्या मागे धावतात आणि पाठमोरे फोटो घेऊन येतात. थव्याची दिशा हेर, पायवाटेनं वळसा घालून पुढे जा आणि एखाद्या उजेडाच्या जागी उभी राहा. थवा तुझ्यापर्यंत येईल. सगळे आपापल्या मजल्यावर असतात : निखार शेंड्याला, शिलिंध्री खोडावर, नाचण छातीएवढ्या उंचीच्या झुडपात शेपटीचा पंखा उघडून डावीउजवीकडे गिरक्या घेत. एकच मजला निवड. सगळ्यांच्या मागे नजर फिरवलीस तर कुणीच हाती लागत नाही.

उन्हाळ्यात उलट असतं. तेव्हा पक्षी पाण्यावर येतात. सिंहगडाच्या पायथ्याच्या ओढ्यात मार्च-एप्रिलमध्ये जी थोडी डबकी उरतात, तिथे दुपार कलल्यावर नुसतं बसलं तरी रान आपल्यापाशी येतं. येण्याचाही क्रम असतो. आधी वरच्या फांदीवर बसून टेहळणी, मग खालच्या काडीवर, मग दगडावर, आणि मग पाणी. स्वर्गीय नर्तक मात्र दगडावर उतरत नाही. फांदीवरून सूर मारतो, पाण्याला पोट लावतो आणि परत फांदीवर. पांढरा नर असेल तर त्या लांब रिबिनींसह. तुझी लेन्स पाण्याकडे रोखलेली असते, पण खरा फोटो पाण्यावर मिळत नाही. परत येऊन फांदीवर तो पिसं झटकतो, तिथे मिळतो. आणि मनू, भर उन्हाळ्यात एका डबक्यावर कितीतरी जीव अवलंबून असतात. आपण पाण्याला अगदी चिकटून बसलो तर ते वरच्या वर ताटकळत राहतात. आपल्याला दिसतही नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की आज पक्षी आले नाहीत.

आता तिबोटी खंड्याबद्दल. तू त्याचे फोटो पाहून वेडी झाली आहेस आणि पावसात कोकणात जायचं म्हणतेस. त्याला पाहून कुणीही वेडं व्हावं असाच तो आहे. तेरा सेंटिमीटरचा देह आणि त्यात पिवळा, केशरी, जांभळा, निळा असे सगळे रंग. पावसाच्या सुरुवातीला तो कोकणात येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो, आणि पिल्लांसाठी सापसुरळ्या, खेकडे, बेडूक आणत राहतो. त्या बिळासमोर रांगेनं ट्रायपॉड लावून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. समोरच्या काडीवर तो चोचीत सुरळी धरून बसलेला. आत जावं तर समोर एवढी माणसं, उडून जावं तर आत पिल्लं. तो तिथेच बसून राहतो आणि सगळ्यांना हवा तो फोटो मिळतो, चोचीत भक्ष्य धरलेल्या खंड्याचा. त्या फोटोला शेकड्यांनी वाहवा मिळते. मला तो फोटो बघवत नाही. आत पिल्लं भुकेली होती म्हणून तो फोटो निघाला आहे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं हेही येतं. हे फार थोड्या फोटोग्राफरांना माहीत असतं. कायदा बाजूला ठेवला तरी, घरट्यापुढची एक फांदी ‘फोटोला आड येते’ म्हणून वाकवली की घरट्यावरची सावली जाते आणि कावळ्याची नजर आत पोचते. आपण घरी येतो, कावळा तिथेच असतो. तेव्हा घरटं दिसलं तर पाठ फिरवून निघायचं आणि जागा कुणाला सांगायची नाही, मैत्रिणीलाही नाही. सालिम अलींचं उदाहरण देऊन कुणी वाद घालेल. त्याला सांग की महिनोन्‌महिने देऊन एखाद्या जातीचं जीवन उलगडणं हे एक काम, आणि एका सकाळचा फोटो हे निराळं.

मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावणं हा दुसरा प्रकार. त्यानं पक्षी येतो, हमखास येतो. का येतो? आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं. खाणं टाकून, गाणं टाकून तो नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. मघाशी सांगितलं ना, त्याच्या देहात शिल्लक किती थोडी असते. ती शिल्लक आपण फोटोपायी खर्च करवतो. तुझ्याबरोबरचे कुणी आवाज वाजवायला लागले तर स्पष्ट सांग की बंद करा. मोठी माणसं असली तरी सांग. ‘ताई, तुम्हाला काय कळतं’ म्हणतील. म्हणू देत.

आता मघाचा मुद्दा, पक्षी लहान दिसण्याचा.

अलीकडे सगळ्यांना चौकटभर पक्षी हवा असतो. पापणीची कड मोजता यावी, पिसाचा दोरा न् दोरा दिसावा. असे फोटो ओळख पटवायला उपयोगी पडतात, मी नाकारत नाही. पण त्यांत आठ सेंटिमीटरचा फुलटोच्या आणि दोन फुटांचं घुबड सारख्याच आकाराची दिसतात. छोट्या पक्ष्याचं छोटेपणच हरवतं. मला वाटतं, छोट्या पक्ष्याला फोटोतही छोटं राहू द्यावं. त्याच्या भोवतीचं झाड येऊ द्यावं.

फुलटोच्याचंच बघ. मळकट करडा, ना रंग ना तुरा. चौकटभर काढलास तर कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. पण आंब्यावरच्या बांडगुळाचा अख्खा घोस चौकटीत घे, आणि त्यात एका कोपऱ्यात फळ चोचीत धरलेला तो येऊ दे. मग त्या फोटोत गोष्ट येते. बांडगुळाचं फळ तो खातो. गर पचतो आणि चिकट बी बाहेर पडते. ती अंगाला चिकटून राहू नये म्हणून तो फांदीला मागचा भाग पुसतो आणि बी तिथेच रुजते. बांडगुळाच्या फुलांवरही तोच येतो, मधासाठी, आणि परागकण इकडचे तिकडे नेतो. त्या आंब्यावरची बांडगुळं बहुतेक याच चिमुकल्याच्या फेऱ्यांतून लागलेली असतात. आंब्याचा मालक दोघांना शिव्या देत असेल, ती त्याची बाजू. पण झाड, बांडगूळ आणि पक्षी एकमेकांत कसे गुंतले आहेत ते दाखवायचं असेल तर तिघेही फोटोत हवेत, आणि त्यासाठी तुला लांबच उभं राहावं लागेल. जवळ जाण्याची ओढ आहे ना, जिच्यापायी घरट्यांपुढे रांगा लागतात, ती या चौकटभर पक्ष्याच्या हट्टातून येते. हट्ट सुटला की अंतर आपोआप सापडतं. शिंप्याच्या मोठ्या पानांच्या झुडपात, वटवट्याच्या गवतात, चष्मेवाल्यांच्या थव्यानं हललेल्या फांदीवर, सगळीकडे हे करून बघ. पक्षी एवढासा आणि झाड एवढं मोठं, हे दिसलं की पाहणाऱ्यालाही त्याची काळजी वाटते. मला तरी वाटते.

पुसट फोटोही लगेच टाकून देऊ नकोस. तुझ्या पाठवलेल्यांत एक हिरवट-करडा छोटा पक्षी आहे, चिंचेच्या पानांत, हललेला. तू त्याखाली ‘वाया’ असं लिहिलं आहेस. नीट बघ, पंखावर एकच बारीक फिकट पट्टी आहे, डोळ्यावर लांब भुवई. तो पर्णवटवट्या दिसतो आहे, हिवाळा काढायला उत्तरेकडून एवढ्या लांब आलेला, काही ग्रॅमचा जीव. तारीख, वेळ, झाड लिहून ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद कर आणि फोटो जोड. पर्णवटवट्यांच्या जाती ओळखणं अवघड. अशा पट्टीवरून, पायाच्या रंगावरून, आवाजावरून जाणकार त्या लावतात. पुढच्या वर्षी तो त्याच चिंचेवर कधी दिसतो ते टिपून ठेवलंस, तर त्या हललेल्या फोटोला किंमत येईल.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ये. धायटी तेव्हा फुललेली असेल. मातकट किंवा हिरवट कपडे आण, पांढरा शर्ट नको, अत्तर नको, पाण्याची बाटली आणि टोपी हवी. ट्रायपॉड ठेव घरी, माझा मोनोपॉड आहे. पहिल्या सकाळी कॅमेरा काढायचा नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे इथे आल्यावर रुसायला नको. दुपारी तुझ्या कॅमेऱ्याचं फोकसचं बटण मागच्या बाजूला कसं लावायचं ते दाखवीन, फार उपयोगी पडतं. आणि येताना शेवग्याचा तो खुणा केलेला कागद विसरू नकोस. तुझा नर कुठल्या बाजूनं येतो ते मला बघायचं आहे.

ताईला सांग, चिवडा पाठवू नको, मागचाच अजून आहे.

तुझी,
मावशी